उकळता रस्सा प्लॅस्टिकच्या पिशवीतून आणणे कितपत योग्य?

प्रश्न (शिवाजी पेठ)
दर रविवारी आमच्याकडे खाणावळीतून तांबडा-पांढरा रस्सा येतो. तो उकळता असतानाच पातळ पिशवीत ओतून तोंडाला दोरा गुंडाळून दिला जातो. वहिनी सध्या गरोदर असल्याने त्यांनी याला हरकत घेतली आहे. वडिलांच्या मते इतकी वर्षे कुणाला काही झालेले नाही. या भीतीला आधार आहे काय?

उत्तर (राजारामपुरी)
आधार आहे. पीव्हीसी या प्रकारचे प्लॅस्टिक मऊ करण्यासाठी त्यात थॅलेट नावाची रसायने मिसळतात. ती प्लॅस्टिकशी पक्की बांधलेली नसतात आणि तेलात सहज उतरतात. पॉलिकार्बोनेटच्या कडक भांड्यांत आणि पुष्कळ डबाबंद पदार्थांच्या आतील लेपात बिस्फेनॉल ए (बीपीए) असते. दोन्ही रसायने संप्रेरकांच्या (हार्मोन्सच्या) कामात ढवळाढवळ करतात, म्हणून गर्भ व लहान मुलांच्या बाबतीत अधिक जपावे लागते. उष्णता, स्निग्धता आणि वेळ वाढेल तसे पाझरणे वाढते, आणि आपल्या तर्रीत काय किंवा नारळाच्या दुधात काय, पहिल्या दोन गोष्टींची कमतरता नसते. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२३ मध्ये बिस्फेनॉल एची सहनीय दैनंदिन मर्यादा, म्हणजे आयुष्यभर रोज पोटात गेले तरी चालेल असे प्रमाण, पूर्वीपेक्षा २०,००० पटींनी खाली आणली.

उत्तर (कसबा बावडा)
ही मर्यादा सर्वमान्य नाही. जर्मनीच्या जोखीम-मूल्यमापन संस्थेने त्याच वर्षी तिच्या हजारपट मर्यादा सुचवली. शिवाय अशा पिशव्या बहुधा पॉलिथिनच्या असतात आणि पॉलिथिन बनवायला बिस्फेनॉल ए लागत नाही. माझी हरकत वेगळी आहे: समोरची पिशवी खाद्यपदार्थांसाठीच बनवलेली आहे की कसल्या तरी जुन्या प्लॅस्टिकपासून, हे गिऱ्हाइकाला कळण्याचा मार्गच नसतो. वडिलांना मात्र एवढे सांगा की असे परिणाम विषबाधेसारखे दुसऱ्या दिवशी दिसत नाहीत, त्यामुळे ‘काही झाले नाही’ हा पुरावा ठरत नाही.

उत्तर (गंगावेश)
कट्ट्यावर दुधाला आपण किटली नेतोच, मग रश्श्याला का नेऊ नये? झाकणाची स्टीलची किटली पुरते. घरातही गरम आमटी प्लॅस्टिकच्या डब्यात ओतू नये आणि मायक्रोवेव्हमध्ये काचेचे भांडे वापरावे. ‘बीपीए-मुक्त’ या शिक्क्यावर विसंबू नका. त्याच्या जागी अनेकदा त्याचेच भावंड, बिस्फेनॉल एस, वापरलेले असते. दिलासा इतकाच की बिस्फेनॉल ए साधारण दिवसभरात लघवीवाटे निघून जाते, त्यामुळे सवय बदलल्याचा उपयोग लवकर होतो.

प्रश्नकर्ता
आज किटली नेली; खाणावळवाल्यांनी विनातक्रार भरून दिली. पिशवीपेक्षा किटलीत रस्सा जास्त येतो, असे वडिलांचे निरीक्षण असून पुढच्या रविवारी ते स्वतः जाणार आहेत.