लोकगायिका, शाहीर, वाग्गेयकार... नेमकं काय म्हणायचं?

कातरवेळ:
एका दिवाळी अंकासाठी आंजेल आर्सनो या अकादी (तिकडच्या जुन्या फ्रेंच वसाहतवाल्यांच्या वंशातल्या) गायिकेवर छोटा लेख लिहितेय. कॅनडाच्या पूर्व टोकाला प्रिन्स एडवर्ड आयलंड नावाचं बेट आहे, तिथल्या अब्राम्स व्हिलेजमध्ये १९४३ साली जन्म. चौदा भावंडांचं खटलं, घरात गाणं. सुरुवातीला ती जुनी अकादी गाणीच म्हणायची, पुढे स्वतः लिहून, स्वतः चाल लावून गाऊ लागली. तिच्या ‘लीब्र’ (म्हणजे ‘मुक्त’) या रेकॉर्डच्या तीन लाखांवर प्रती खपल्या आणि १९७९ मध्ये क्वेबेक या फ्रेंचभाषक प्रांताचे फेलिक्स संगीत पुरस्कार पहिल्यांदा दिले गेले तेव्हा सर्वाधिक खपाचा मान तिलाच मिळाला.
अडलंय ते पहिल्याच वाक्यात. मी ‘लोकगायिका’ लिहिलं. संपादकांनी खोडलं. म्हणे, स्वतःची गाणी लिहायची तर लोकगायिका कशी? मग काय म्हणू? ‘गायिका-गीतकार-संगीतकार’ लिहिलं की सिनेमाची श्रेयनामावली वाटते.

शुद्धमती:
संपादकांचं बरोबर आहे. लोकगीताला कर्ता नसतो, आणि कर्ता सापडला की ते लोकगीत राहत नाही. आपल्याकडे यासाठी नेमका शब्द आहे: वाग्गेयकार. शारंगदेवाच्या ‘संगीतरत्नाकरा’त व्याख्याच दिली आहे. शब्द म्हणजे मातु, स्वररचना म्हणजे धातु, आणि दोन्ही करतो तो वाग्गेयकार. ग्रंथ तेराव्या शतकातला, देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने लिहिलेला, म्हणजे अगदी घरचा. परका शब्द शोधायला कशाला जायचं?

खानदेशी:
घरचा खरा, पण माजघरात कुणी वापरत नाही. वाग्गेयकार म्हटलं की मला कर्नाटक संगीतातले त्यागराज दिसतात, गिटार घेतलेली बाई दिसत नाही.
आणि लोकगीताला कर्ता नसतो म्हणजे काय? जात्यावरची ओवी आभाळातून पडली का? कुण्या बाईनेच पहिल्यांदा म्हटली, दुसरीने त्यात आपल्या माहेरच्या गावाचं नाव घातलं, एवढंच. बहिणाबाईंचं बघा. लिहिता येत नव्हतं, काम करता करता गाणं जुळवायच्या. सोपानदेवांनी ते उतरून ठेवलं आणि बाई गेल्यावर १९५२ मध्ये पुस्तक आलं. पुस्तक आलं म्हणून ‘कवयित्री’. नसतं आलं तर त्याच ओळी ‘खानदेशातील लोकगीते’ म्हणून कुठल्या तरी संग्रहात गेल्या असत्या, खाली नाव नाही.

बोरूबहाद्दर:
शाहीर म्हणा की सरळ! शाहीर स्वतः कवन करतो, स्वतः डफावर थाप मारून म्हणतो. अण्णाभाऊंना लोकशाहीर म्हणतोच ना आपण? त्यात ‘लोक’ही आहे आणि कर्ताही आहे. संपादक गप्प.

शुद्धमती:
शाहीर हा अरबी ‘शाइर’वरून आलेला आहे.

बोरूबहाद्दर:
आणि तुम्ही ज्या कागदावर वाग्गेयकार लिहिलात तो कागद कुठून आला, तेही सांगा. माझे एक मास्तर तर शाहीर हा शब्द ‘शाही’वरून काढायचे, राजाच्या पदरचा म्हणून. चूक होतं, पण सांगायचे झोकात.

कातरवेळ:
शाहीर मलाही आवडला असता. पण बाईला शाहीर म्हणायचं की शाहिरा? आणि तिची गाणी पोवाड्याच्या बाजाची नाहीत. एक गाणं नुसतं खाण्याबद्दल आहे, हसून मुरकुंडी वळते. दुसरं ‘एव्हांजेलीन’वर. लाँगफेलो या अमेरिकन कवीने १८४७ मध्ये एका दीर्घकाव्यात ही अकादी नायिका रचली. ती पुढे इतकी डोक्यावर बसली की दुकानं, खानावळी, कंपन्या, सगळ्यांच्या पाट्यांवर तीच. आंजेलने त्या पाट्यांचीच टर उडवली आहे. याला काय म्हणायचं, शाहिरांच्या सवाल-जवाबातलं भेदिक?

मॉन्ट्रियलकर:
इकडे फ्रेंचमध्येही एक शब्द नाही हो ताई. ‘ओत्यर-कोंपोझित्रीस-अँतेर्प्रेत’ म्हणतात: लिहिणारी, चाल लावणारी, सादर करणारी. तीन शब्द, मधे जोडरेघा. तुमच्या श्रेयनामावलीपेक्षा लांब. लिहिणाऱ्या बाईला ‘ओत्यर’चं स्त्रीलिंगी रूप द्यावं की नाही यावर फ्रान्सच्या अकादमीने २०१९ पर्यंत नाक मुरडलं, क्वेबेकवाले मात्र केव्हाचे वापरत होते. तेव्हा शाहिरा बिनधास्त लिहा.
एक सुटसुटीत शब्द होता, ‘शांसोनिए’. साठच्या दशकात छोट्या कॅफेत गिटार घेऊन स्वतःची गाणी म्हणणाऱ्यांना म्हणत. आता बारमध्ये दुसऱ्यांची गाणी म्हणणाऱ्यालाही तेच म्हणतात. शब्द एवढा घसरला.

माडावयलो:
आमच्या गोव्याच्या तियात्रात, म्हणजे कोंकणी नाटकात या. कांतार म्हणणारा बहुतेक वेळा आपलंच लिहितो, राजकारण्याचं नाव घालून त्याच आठवड्यातलं लिहितो. शब्द पोर्तुगीज ‘कांतार’, म्हणजे गाणे. फ्रेंच ‘शांते’ची सख्खी मावसबहीण. शुद्धमतीताईंना चालणार नाही, ठाऊक आहे.

चिवडा:
अकादी म्हणजे अकादमीवाले का? (हलके घ्या.)

मॉन्ट्रियलकर:
नाही. व्हेराझानो या दर्यावर्दीने १५२४ मध्ये किनाऱ्याला ‘आर्केडिया’ नाव दिलं त्यावरून, असं बहुतेक मानतात. काही जण तिथल्या मूळ रहिवाशांच्या मिकमॅक भाषेतल्या स्थळवाचक प्रत्ययाशी नातं जोडतात. तुम्ही हॉटेलात ‘केजन मसाला’ खाता ना? तो केजन म्हणजे अकादिअँचाच घासलेला उच्चार. ब्रिटिशांनी १७५५ पासून अकादींना आजच्या कॅनडातल्या नोव्हा स्कोशियातून हाकललं, त्यातले काही फिरत फिरत अमेरिकेच्या दक्षिणेला लुइझियानाला पोचले.

कातरवेळ:
तो माझा दुसरा प्रश्न! त्या हकालपट्टीला ते ‘ग्रां देरांजमाँ’ म्हणतात. माझा फ्रेंच शब्दकोश म्हणतो: व्यत्यय, गैरसोय. हॉटेलच्या दारावर ‘व्यत्यय आणू नये’ची पाटी असते त्यातलंच क्रियापद. तिथल्या ग्रां-प्रे गावच्या चर्चमध्ये ५ सप्टेंबर १७५५ ला ४१८ पुरुष-मुलगे बोलावून कोंडले, घरं जाळली, पुढच्या आठ वर्षांत दहा हजारांच्या आसपास माणसं जहाजांत घालून पांगवली. आणि नाव ‘मोठी गैरसोय’?

खानदेशी:
आमच्याकडे दुष्काळाला म्हातारी माणसं ‘ते वरीस’ म्हणतात. फार मोठ्या गोष्टीला छोटाच शब्द लागतो.

बोरूबहाद्दर:
‘परांगदा’ लिहा.

माजी मास्तर:
परागंदा! अनुस्वार ग वर. फारसी ‘परागंदा’, म्हणजे विखुरलेला. सगळा महाराष्ट्र परांगदा लिहितो म्हणून ते बरोबर होत नाही. आणि इथे तर मूळ अर्थच लागू पडतो. या लोकांना एका जागी नेलं नाही, मॅसॅच्युसेट्सपासून जॉर्जियापर्यंत मुद्दाम थोडे थोडे विखरून टाकले.

बोरूबहाद्दर:
मास्तर, शब्द लोकांचा असतो. सगळा महाराष्ट्र म्हणतो तर तेच बरोबर.

शुद्धमती:
मघाशी अरबी शाहीर चालला, आता फारसीचा अनुस्वार मात्र चालत नाही?

बोरूबहाद्दर:
बाणेदार प्रश्न. चहा घेऊन येतो.

मॉन्ट्रियलकर:
अवांतर: अकादींचा राष्ट्रीय दिन १५ ऑगस्ट, १८८१ पासून. त्या दिवशी ‘तँतामार’ निघतो, ताटं-पातेली बडवत मिरवणूक. आम्ही सकाळी झेंडावंदन करतो आणि संध्याकाळी पातेली बडवतो.
मूळ मुद्द्याला धरून एक सांगतो. आंजेलची सोबतीण एदित बटलर. तिने लोकसंस्कृतीचा अभ्यास केला, गावोगावची गाणी गोळा केली आणि मग आपल्या पाकेतव्हिल गावावर स्वतः गाणं लिहिलं. ते आता असं म्हटलं जातं, जणू ते गावातच उगवलं. मग ती लोकगायिका की नाही?

शुद्धमती:
नाही.

खानदेशी:
हो. माझी आजी अशा बाईला ‘पदं बांधणारी’ म्हणायची. तिला कुणी कोश विचारला नव्हता.

कातरवेळ:
‘पदं बांधणारी’ छान आहे, पण पुण्याबाहेरच्या... नको, वाद वाढेल. लेख काल गेला. शेवटी ‘स्वतः गाणी रचून गाणारी अकादी लोकगायिका’ असं लिहिलं. जागा कमी पडली म्हणून संपादकांनी ‘स्वतः’ आणि ‘रचून’ काढलं. उरली ‘गाणी गाणारी’.

माजी मास्तर:
आणि परागंदा?

कातरवेळ:
प्रुफात सध्या परांगदा आहे, मास्तर. भांडतेय.