बेसाल्टमधील भूजल सर्वेक्षणासाठी कोणता रोधकतामापक (जमिनीचा विद्युतरोध मोजणारे यंत्र) घ्यावा?

प्रश्न: मराठवाड्यात बोअरच्या जागा ठरवण्यासाठी श्लुम्बर्जर मांडणीने (एका रेषेत चार सळया: बाहेरच्या दोन प्रवाह सोडणाऱ्या, मधल्या दोन विभवांतर मोजणाऱ्या) सुमारे १०० मीटर खोलीपर्यंत मोजणी करायची आहे. साधा डीसी (एकदिश प्रवाहाचा) मापक पुरेल, की एका रेषेत अनेक सळया लावून आपोआप मोजणारी बहु-इलेक्ट्रोड यंत्रणाच घ्यावी?

उत्तर १: जाहिरातीतला खोलीचा आकडा बाजूला ठेवून यंत्र जमिनीत किती प्रवाह सोडू शकते ते आधी पाहावे. एवढ्या खोलीसाठी प्रवाहाच्या सळया मध्यबिंदूपासून दोन्हीकडे २०० मीटर किंवा त्याहूनही लांब न्याव्या लागतात आणि तेव्हा मधल्या सळयांमध्ये जेमतेम काही मिलिव्होल्ट विभवांतर उरते. म्हणून जमिनीचे स्वयंविभव (प्रवाह न सोडताही असणारे नैसर्गिक विभवांतर) वजा करून अनेक वाचनांची सरासरी काढणारेच यंत्र घ्यावे.

उत्तर २: सहमत. मात्र उन्हाळ्यात भेगाळलेल्या काळ्या मातीत सळई सैल बसते, संपर्करोध (सळई आणि माती यांच्यातला रोध) वाढतो आणि महागडे यंत्रही हतबल होते. सळई खोल ठोकून भोवती मिठाचे पाणी ओतावे. केबलच्या रिळांवरही कंजुषी नको.

उत्तर ३: डाइक (खडकात भिंतीसारखा उभा घुसलेला दुसरा खडक) किंवा उभ्या भेगा शोधायच्या असल्यास एका बिंदूवरची मोजणी फसवते, कारण तिच्या विश्लेषणात थर आडवे गृहीत धरलेले असतात. तिथे बहु-इलेक्ट्रोड यंत्रणा हवीच. पण काम तुरळक असेल तर ती भाड्याने आणावी.