अ जीवनसत्त्व बंद करून पाच महिने झाले. पुढे काय करावे?

शेवंती

नमस्कार. माझे वय ४३ असून मी ठाण्यात राहते. गेली चार-पाच वर्षे जेवणानंतर पोट फुगते आणि दर हिवाळ्यात दोन्ही हातांच्या बोटांवर इसब उठतो. एका समूहात असे वाचनात आले की अ जीवनसत्त्व हे मुळात यकृतात साठत जाणारे विष आहे, तेच आतड्यांतील चांगले जिवाणू मारते, आणि आहारातून ते पूर्णपणे काढले की शरीर हळूहळू स्वच्छ होते. त्यानुसार फेब्रुवारीच्या अखेरीस मी दूध, तूप, अंडी, सर्व पालेभाज्या, गाजर, लाल भोपळा, पपई आणि (हे सर्वांत जड गेले) आंबा बंद केला. पोटाचा त्रास होताच, म्हणून त्याच आठवड्यात पोळी, कांदा, लसूण आणि बाहेरचे खाणेही सोडले. तेव्हापासून भात, मुगाचे वरण, बटाटा, साल काढलेला दुधी, काकडी आणि केळी एवढ्यावरच आहे.

दहा दिवसांत पोट हलके झाले आणि महिन्याभरात इसबही गेला. मात्र आता थकवा जाणवतो, आणि गेल्या आठवड्यात शेजारच्या काकूंनी दिलेली माठाची भाजी थोडीशी खाल्ली तर रात्री पोट ढोलासारखे झाले. रक्तातील रेटिनॉल (म्हणजे अ जीवनसत्त्वच) ३८ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर, म्हणजे ‘नॉर्मल’ आले आहे. समूहातील मंडळी म्हणतात की यकृतातला साठा अजून बाहेर पडतो आहे, आणखी वर्षभर धीर धरा. जिवाणूंचे म्हणणे खरे आहे का, आणि हा आहार कुठवर चालवावा?

औदुंबर

शेवंतीताई, मी जीवरसायनशास्त्र शिकवतो, डॉक्टर नाही. तेव्हा माझे उत्तर हिशेबापुरते समजावे.

आधी रक्ताच्या अहवालाबद्दल. शरीरातील बहुतेक अ जीवनसत्त्व यकृतात साठवलेले असते आणि रक्तातील पातळी कायम राहावी इतकेच यकृत त्यातून सोडत राहते. साठा जवळजवळ संपेपर्यंत रक्तातला आकडा फारसा हलत नाही. तो २० च्या खाली गेला तर कमतरता मानतात. त्यामुळे ३८ या आकड्यावरून यकृत भरलेले आहे असे म्हणता येत नाही आणि रिकामे होत आले आहे असेही म्हणता येत नाही. ज्या चाचणीचा कोणताही निकाल आपल्याच बाजूने लावता येतो, तिच्या आधारे कोणी वर्षभर धीर धरायला सांगत असेल तर मला ते पटत नाही.

अ जीवनसत्त्वाची विषबाधा ही खरी गोष्ट आहे, पण ती तयार रेटिनॉलच्या मोठ्या मात्रेने होते: दीर्घकाळ घेतलेल्या जास्त मात्रेच्या गोळ्या, माशाच्या यकृताचे तेल, किंवा वारंवार खाल्लेली कलेजी. प्रौढांसाठी तयार रेटिनॉलची वरची मर्यादा दिवसाला ३,००० मायक्रोग्रॅम धरतात. तुम्ही सोडलेल्या वस्तूंचा हिशेब करू. दोन चहाचे चमचे तूप सुमारे ८०, एक अंडे सुमारे ८०, पेलाभर दूध सुमारे ११५. बेरीज २७५, म्हणजे मर्यादेच्या दहाव्या हिश्शापेक्षाही कमी. गाजर, भोपळा आणि आंब्यात तर रेटिनॉल नसतेच. त्यांत कॅरोटिन असते, ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवते; आहारातील साधारण १२ मायक्रोग्रॅम बीटा-कॅरोटिनमागे शरीराला १ मायक्रोग्रॅम रेटिनॉल मिळते, आणि शरीरात पुरेसा साठा असेल तर आतडे स्वतःच हे रूपांतर आवरते घेते. फार गाजरे खाल्ली तर तळहात पिवळे दिसतात, विषबाधा होत नाही.

एक विनंती आहे. ज्या तेलात तुमचा स्वयंपाक होतो, त्याच्या पिशवीवर निळ्या रंगातील ‘+एफ’ अशी खूण आहे का, तेवढे पाहून सांगाल का?

तिरफळ

मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, त्यामुळे वर्ज्य आहाराच्या बाजूने आणि त्याच्या मर्यादांबद्दल असे दोन्ही लिहिते.

वर्ज्य आहार हा उपचार नाही, ती एक चाचणी आहे, आणि चाचणीत एका वेळी एकच गोष्ट बदलावी लागते. तुम्ही एकाच आठवड्यात दोन वेगवेगळ्या याद्या सोडल्या आणि गुणाचे सारे श्रेय पहिल्या यादीला दिले. गहू, कांदा आणि लसूण यांत फ्रुक्टान नावाची कर्बोदके असतात. ती लहान आतड्यात पचत नाहीत, मोठ्या आतड्यातील जिवाणू ती आंबवतात आणि वायू होतो. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठात विकसित झालेल्या ‘लो-फॉडमॅप’ आहारात हेच पदार्थ आधी काढतात, आणि तुमची दुसरी यादी नकळत तीच आहे. दहा दिवसांत पोट हलके होणे याच कारणाशी जुळते, कारण महिनोन्‌महिने पुरणारा यकृताचा साठा दहा दिवसांत हलत नाही. इसबाचे म्हणाल तर तो तुम्हाला हिवाळ्यातच होतो असे तुम्हीच लिहिले आहे, आणि फेब्रुवारीनंतर महिन्याभरात तो गेला.

आता माठाची भाजी. काकूंनी ती लसणाच्या फोडणीशिवाय केली असेल असे मला वाटत नाही.

लो-फॉडमॅप आहारातही पहिला टप्पा दोन ते सहा आठवड्यांचाच असतो. पुढे एकेक पदार्थ परत आणायचा असतो, आणि लोक नेमके इथेच थांबतात. जिवाणूंची काळजी असेल तर हे विशेष ध्यानात घ्यावे, कारण या आहारात आतड्यातील बायफिडो या उपकारक जिवाणूंचे प्रमाण घटते असे अनेक चाचण्यांत दिसले आहे. ते ज्यावर जगतात तेच आपण बंद केलेले असते. दुसरी अडचण मनाची आहे. मोनाशमध्येच २०१३ साली ग्लुटेन (गव्हातील प्रथिन) सोसत नाही असे मानणाऱ्या ३७ जणांना आधी लो-फॉडमॅप आहारावर ठेवून, मग कशात ग्लुटेन आहे ते न सांगता जेवण दिले. त्रास ग्लुटेन असतानाही वाढला आणि नसतानाही जवळपास तेवढाच वाढला. ‘आता बाधणार’ म्हणून घेतलेला घास बाधतोच, आणि त्यात ढोंग नसते.

थकव्यासाठी हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा) आणि बी-१२ तपासावे. दूध आणि अंडी दोन्ही सोडल्यावर शाकाहारी माणसाकडे बी-१२ चा मार्ग जवळपास उरतच नाही. सीलिअॅक आजाराची (यात ग्लुटेनमुळे आतड्याच्या अस्तराला इजा होते) रक्तचाचणी कधी झाली नसेल तर तीही करावी, मात्र ती काही आठवडे रोज गहू खात असतानाच विश्वासार्ह ठरते.

निरगुडी

मूळ प्रश्नातील जिवाणूंचा भाग राहिला, म्हणून लिहितो.

अ जीवनसत्त्व आणि आतड्यांतील जिवाणू यांचा संबंध आहे, पण तो समूहात सांगतात तसा एकेरी नाही. २०१७ साली सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील गटाने आतड्यांत ठरावीक मानवी जिवाणू वसवलेल्या उंदरांना एकेका सूक्ष्म पोषकाविना ठेवले. अ जीवनसत्त्वाच्या अभावाने जिवाणूंच्या वस्तीत सर्वांत मोठी उलथापालथ झाली आणि बॅक्टेरॉइडिस व्हल्गॅटस ही जात फोफावली. रेटिनॉल तिची वाढ रोखते, हे खरे आहे, आणि ‘जिवाणू मारते’ ही समजूत बहुधा अशाच एखाद्या अर्ध्या वाक्यातून आली असावी. २०१८ साली ब्राऊन विद्यापीठातील संशोधकांनी उलटी बाजू दाखवली: क्लॉस्ट्रिडिया गटातील जिवाणू आतड्याच्या अस्तरात रेटिनॉइक आम्ल (अ जीवनसत्त्वापासून बनणारे त्याचे कार्यकारी रूप) किती तयार व्हावे यावर लगाम ठेवतात. म्हणजे यजमान आणि पाहुणे दोघेही एकाच नळाची तोटी फिरवत आहेत. शिवाय संरक्षक पेशींना आतड्याकडे वळवणे आणि तिथे आयजीए प्रतिपिंडे तयार करवणे ही कामे याच रेटिनॉइक आम्लावर चालतात.

हे सारे मुख्यतः उंदरांवरचे काम आहे. त्यातून तुमच्या ताटात तूप किती असावे हे ठरत नाही, आणि ते शून्य असावे हे तर मुळीच ठरत नाही. तिरफळताईंच्या म्हणण्यात एकच भर घालतो. तुमच्या दोन याद्या वेगळ्या करणे सोपे आहे. तुपात अ जीवनसत्त्व आहे, पण फ्रुक्टान नाही आणि दुधातील साखरही जवळपास नाही. पोळीत आणि लसणात फ्रुक्टान आहे, अ जीवनसत्त्व नगण्य आहे. आधी तूप सुरू करा, मधे काही दिवस जाऊ द्या, मग पोळी.

शेवंती

सर्वांचे आभार. औदुंबर, पिशवी पाहिली. निळी खूण आहे, खाली बारीक अक्षरांत अ आणि ड जीवनसत्त्वे घातल्याचे लिहिले आहे. पाच महिने मी याच तेलात फोडण्या दिल्या.

औदुंबर

तोच संशय होता. अशा तेलात दर ग्रॅमला ६ ते ९.९ मायक्रोग्रॅम अ जीवनसत्त्व घालण्याचे मानक आहे. दिवसाला २० ग्रॅम तेल धरले तर १२० ते २०० मायक्रोग्रॅम झाले. फोडणीच्या आचेवर काही नष्ट होते, तरी सोडलेल्या तूप-दुधाचा बराचसा भाग तुम्हाला मिळतच होता. अ जीवनसत्त्वाविना राहण्याचा प्रयोग असा झालाच नाही, आणि तब्येतीच्या दृष्टीने ते बरेच झाले.

शेवंती

अठरा दिवसांनी लिहिते आहे. बी-१२ कमी निघाले, डॉक्टरांनी इंजेक्शने सुरू केली आहेत. तूप पाच दिवस रोज दोन चमचे घेतले, काहीही झाले नाही. सहाव्या दिवशी अंडे खाल्ले, तेही पचले. मग रोज दोन पोळ्या सुरू केल्या आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पोट फुगले. अर्धी पोळी मात्र चालते आहे.

तिरफळ

मग अर्ध्यावरच काही दिवस राहा आणि सीलिअॅकच्या चाचणीबद्दल डॉक्टरांना आताच विचारा. गहू सुरू झालाच आहे. लसणाचीही एक युक्ती आहे. फ्रुक्टान पाण्यात विरघळते, तेलात विरघळत नाही. पाकळ्या ठेचू नका, अख्ख्याच तेलात तांबूस होऊ द्या आणि भाजी घालण्यापूर्वी झाऱ्याने काढून टाका. वास तेलात राहतो.

शेवंती

काल तसाच माठ केला. वाटीभर खाल्ला आणि रात्री शांत झोपले. काढलेल्या पाकळ्या यजमानांनी भातावर घेतल्या.