कृष्णाकाठ आणि द्राक्षबागा बघायला अथणी-कागवाड भागात कधी जावं?

टिळकवाडीची_लेक:
नमस्कार मंडळी, आई-बाबांना घेऊन दोन दिवस कुठंतरी शांत जायचंय, रिसॉर्ट वगैरे नको, नदी, खेडी, एखादं देऊळ आणि जमलं तर द्राक्षबाग. लहानपणापासून अथणीची द्राक्षं खाते पण बाग आत जाऊन कधी बघितलीच नाही. नदीकाठच्या रस्त्यानंच गेलं तर बागा दिसतील काय? महिना कुठला धरू? बाबांचे गुडघे दुखतात, चढ-उतार नको.

उगारवाला:
काठानं गेलात तर ऊसच ऊस दिसणार ताई, कागवाड, उगार, कुडची सगळं उसाचंच. द्राक्षाला काठची चिबड जमीन आणि दमट हवा सोसत नाही, लगेच डावणी (बुरशीचा रोग) येते, म्हणून बागा बघायच्या तर नदी सोडून अथणीच्या पूर्वेला माळावर जावा, तेलसंग बाजूला. ऑक्टोबरची छाटणी झाली की चारेक महिन्यांत माल येतो, फेब्रुवारी धरा. मार्चमध्ये गेलात तर बेदाण्याची शेडं पण चालू असतात, ती तर दाखवाच त्यांना, डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात घड बुडवतात मग जाळीच्या रॅकवर पसरतात, त्या पाण्यानं मण्यावरचा मेणचट थर सुटतो आणि उन्हाचा चटका न लागता सावलीत वाळतं म्हणून रंग राहतो. बागेत मात्र विचारल्याशिवाय शिरू नका, औषध मारलेलं असतं.

अंकलीची_सून:
देवळासाठी यडूरचा वीरभद्र आणि पलीकडं महाराष्ट्रात खिद्रापूरचा कोपेश्वर, दोन्ही एकाच दिवशी करा. कोपेश्वर शिलाहारांच्या काळातला, स्वर्गमंडपाचं छत मधोमध गोल उघडं, काकांना खांबाला टेकून निवांत बसून बघता येईल. तिथं महादेवापुढं नंदी नाही, तो यडूरला आहे असं आमच्याकडं सगळे सांगतात, म्हणून तर दोन्ही करा म्हणते. पावसाळ्यात नको हां, कल्लोळ-यडूर बंधारा पाण्याखाली जातो.

रायबागकर:
शांतता हवी तर माघी पौर्णिमेचे दिवस टाळा, चिंचलीला मायाक्काची जत्रा असते, रस्ते भरून जातात. मिरज लाइनवर कुडची, उगार, शेडबाळ स्टेशनं आहेत पण तेलसंगकडं जायला गाडीच पाहिजे.

टिळकवाडीची_लेक:
खूप आभार सगळ्यांचे! मार्चचा पहिला आठवडा धरते, बाबांना बेदाण्याचं शेड बघायचंच आहे म्हणतात. उगारवाले दादा, शेडवर सकाळी गेलेलं बरं की दुपारी?

उगारवाला:
सकाळी लवकर जावा, दुपारी माळावर ऊन फार.