चक्रीवादळ, महापूर, दरड: अशा वेळी मोबाईलच्या भरवशावर राहावं का?

श्रीवर्धनची लेक:
३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्या किनाऱ्यावर आलं. आईचं शेवटचं वाक्य ऐकलं, "कौलं उडायला लागली गो." मग फोन बंद. चार दिवस मी मुंबईत नंबर फिरवत बसले. त्यात लॉकडाऊन. पाचव्या दिवशी वाडीतला एक मुलगा रेंज मिळेपर्यंत मोटारसायकल हाकत गेला आणि त्याने वीस घरांची खुशाली कळवली. माझं म्हणणं एवढंच, की ज्या दिवशी जीव टांगणीला लागतो त्याच दिवशी मोबाईल मुका होतो. तरी गावचा आपत्ती आराखडा म्हणजे मोबाईल नंबरांची यादी! हे बदला.

वाशिष्ठीकाठ:
ताई, तुमचे ते दिवस कसे गेले असतील ते कळतं, पण मत पटत नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा माझी बहीण दोन लहान मुलांसह माडीवर अडकली होती. रेंज जाण्याआधी तिने लोकेशन पाठवलं, त्यावरूनच होडी तिच्या दारापर्यंत आली. घरचा लँडलाईन? तो तळमजल्यावर पाण्याखाली. मोबाईल नसता तर काय झालं असतं, याचा विचारही नको वाटतो.

टॉवर देखभालवाला:
या कामात बरीच वर्षं काढली म्हणून सांगतो. वादळात टॉवर बहुतेक वेळा उभाच असतो. वीज जाते, बॅटरी काही तास तग धरते, मग जनरेटर. डिझेल आणणारी गाडी आडव्या झाडांपाशी अडते. खांबांबरोबर फायबर, म्हणजे टॉवरला पुढच्या नेटवर्कशी जोडणारी केबल, तुटली असेल तर डिझेल असूनही उपयोग नाही. गर्दीचा प्रश्न वेगळा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि सगळी मुंबई एकाच वेळी फोन लावत होती. अशा वेळी कॉल करत बसू नका, साधा एसएमएस टाका. तो थांबत थांबत का होईना, जातो. फोन मोठ्याने वाजवणारा सरकारी इशारा सेल ब्रॉडकास्टने येतो, म्हणजे टॉवर एकच संदेश आपल्या टप्प्यातल्या सगळ्या फोनना एकदम पाठवतो, त्याला गर्दी अडवत नाही. मात्र टॉवर जिवंत हवा.

श्रीवर्धनची लेक:
म्हणजे इशारा आत येतो, हाक बाहेर जात नाही. मी तेच म्हणते आहे. ग्रामपंचायतीत सॅटेलाईट फोन का नसावा?

टॉवर देखभालवाला:
आपल्याकडे त्याला सरकारी परवानगी लागते, दुकानातून आणून ठेवता येत नाही. हॅम रेडिओ, म्हणजे हौशी लोकांचा टॉवरशिवाय चालणारा वायरलेस, त्यालाही परीक्षा आणि परवाना. पण तालुक्यात चार-पाच जणांनी तो घ्यायलाच हवा.

वाशिष्ठीकाठ:
आणि यंत्र असूनही काय? ३० जुलै २०१४ ला माळीण दरडीखाली गेलं. बाहेर कळलं ते एसटीच्या चालकामुळे. तो गेला तर गाव जागेवर नव्हतं. तिथे कुठला वायरलेस बोलला असता?

श्रीवर्धनची लेक:
दादा, माळीणचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. गाव बोलेनासं झालं हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. रेंज गेली हीच मदतीची हाक धरावी. अमुक तासांत गावाचा आवाज आला नाही, तर तहसीलमधून माणूस निघालाच पाहिजे.

वाशिष्ठीकाठ:
हे मान्य. पण निसर्गच्या वेळी शेकडो वाड्या एकदम मुक्या झाल्या. तहसीलदार कुणाकडे आधी पाठवणार?

श्रीवर्धनची लेक:
म्हणून ते पावसाळ्याआधी ठरवायचं. कुठल्या वाडीचा माणूस कुठल्या नाक्यावर येणार, तिथे पोलीस पाटील किती वाजता असणार. आमच्या वाडीने यंदा दोन पोरांची नावं लिहून दिली आहेत. मोटारसायकलची टाकी जूनपासून भरलेली ठेवायची, असंही ठरलंय.