पुन्हा घर मांडताना: तुमचे अनुभव

जेलमधून सुटलेल्या किंवा वर्षानुवर्षं फूटपाथवर राहिलेल्या माणसाचं बिऱ्हाड लावायला कधी मदत केली आहे? कुठे अडलं, कशाने सुटलं, ते लिहा. माणसांची नावं मात्र नकोत.

पुणे
येरवड्यातून सुटलेल्या एका काकांसाठी खोली शोधत होतो. जेलमधल्या कामाची साठलेली मजुरी त्यांच्याकडे होती, थोडी भर आम्ही टाकली, डिपॉझिट जमलं. घोडं अडलं पोलीस व्हेरिफिकेशनवर. मालक गोड बोलायचे आणि दुसऱ्या दिवसापासून फोन उचलायचे नाहीत. आता मी पहिल्याच भेटीत सगळं सांगून टाकतो. नकार येतो, पण लवकर येतो. शेवटी एका आजींनी खोली दिली. ‘भाडं पाच तारखेला, बाकी मला काही सांगू नका,’ एवढंच म्हणाल्या.
कामाची गोष्ट: पाच किलोचा ‘छोटू’ सिलिंडर नुसत्या ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही.

मुंबई
शहरात लाख लोकांमागे एक निवारा हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सांगितलं. मुंबईत तेवढे आजही नाहीत, म्हणून आम्ही थेट भाड्याच्या खोल्या बघतो. परवडणारी खोली मिळते विरारला. आमच्या एक ताई दादरच्या फुलबाजारात गजरे करायच्या. फुलं उतरतात भल्या पहाटे. रोज विरारहून वेळेवर पोचणार कशा? त्या पुन्हा अधूनमधून दादरलाच फूटपाथवर झोपू लागल्या. मीटिंगमध्ये आमचे चेहरे पडले. ताईंना कळेचना आम्ही का हिरमुसलोय. ‘पेटी कुलपात आहे, पोरगी मावशीबरोबर खोलीवर आहे, शाळेत जाते. अजून काय पाहिजे?’ खोली कशासाठी घ्यायची, हे त्यांनी आधीच ठरवलं होतं. आम्ही विचारलंच नव्हतं.

आटपाडी
इथून जवळच स्वतंत्रपूरची खुली वसाहत आहे, औंध संस्थानाने १९३९ साली सुरू केलेली. कैदी बायकापोरांसह राहून शेती करतात. तिथून सुटलेल्या एका दादांना शेळ्या घेऊन दिल्या, बस्स. चूल आधीपासून पेटलेली असली की मदत करणाऱ्याला फारसं काम उरत नाही.

नागपूर
मी मदत घेणाऱ्यांतला. लोकांनी प्रेमाने भांडी दिली, पण सगळी पोचे आलेली, झाकणं दुसऱ्याच पातेल्यांची. संस्थेतल्या मॅडमनी मग रोख पैसे दिले आणि म्हणाल्या, इतवारीत जा, हवं ते घ्या. तवा घ्यायला मी अर्धा दिवस लावला. दुकानदार वैतागला. इतकी वर्षं जे ताटात पडेल ते खाल्लेलं, आता पोळीचा घ्यावा की भाकरीचा, ठरेना. शेवटी भाकरीचा घेतला. बराकीत रात्रभर दिवा असतो, त्यामुळे सुरुवातीला अंधारात झोप यायची नाही. वीजबिल आल्यावर ती सवय मोडली.

ठाणे
एकच विनंती. जुन्या गाद्या देऊ नका हो! ढेकूण निघतात, आणि मालक आमच्या माणसालाच बोलतो. चादरी द्या, नव्या.