संशोधनाची वर्षं पगारात धरायला हवीत का?

परळची_सर्जन
आपल्याकडे एमएस (सर्जरीचं पदव्युत्तर शिक्षण) ३ वर्षांचं. जेआर१ ते जेआर३ (ज्युनिअर रेसिडेंटचं पहिलं ते तिसरं वर्ष) स्टायपेंड थोडाथोडा वाढतो आणि थिसिस त्यातच, ड्यूटी सांभाळून. अमेरिकेत जनरल सर्जरीच्या रेसिडेन्सीत (रुग्णालयातल्या प्रशिक्षणात) क्लिनिकल, म्हणजे प्रत्यक्ष पेशंट बघण्याची, वर्षं ५, पण विद्यापीठांच्या बऱ्याच रुग्णालयांत मध्येच १-२ वर्षं संशोधनाला द्यावी लागतात. माझी धाकटी बहीण दुसऱ्या वर्षानंतर लॅबमध्ये गेली. दोन वर्षांनी वॉर्डात परतेल तेव्हा काम तिसऱ्या वर्षाचं, पण रेसिडेन्सीचं वर्ष पाचवं. पगार कुठल्या वर्षाचा? काही रुग्णालयं एकूण वर्षं धरतात, काही फक्त क्लिनिकल. माझ्या मते एकूणच धरली पाहिजेत. लॅबमध्ये विभागच पाठवतो, पेपरवर नावही विभागाचं लागतं. मग पगाराच्या वेळी ती वर्षं का गाळायची?

सायन_नाइट
मला हे पटत नाही. पगार जबाबदारीचा असतो. रात्री दोनला पोट उघडायचं की सकाळपर्यंत थांबायचं, हे चीफ रेसिडेंट (शेवटच्या वर्षाचा) बघतो. त्याच्या हाताखालच्या तिसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटला त्याच्याइतकाच पगार का? लॅबमधून आल्यावर हात पुन्हा बसायलाही वेळ लागतो.

परळची_सर्जन
हात बसायला वेळ लागतो, मान्य. म्हणून तर तिला चीफचं काम देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. पण कामाची पायरी आणि पगाराची पायरी वेगळी ठेवता येते. एनआयएच या अमेरिकी सरकारच्या आरोग्य संशोधन संस्थेच्या टी३२ या प्रशिक्षण ग्रँटवर असलेल्यांचा स्टायपेंड अनुभवाच्या वर्षांवर ठरतो, रेसिडेन्सीची वर्षंही त्यात धरतात. म्हणजे लॅबमध्ये असताना वॉर्डातली वर्षं मोजली जातात आणि वॉर्डात परतल्यावर लॅबमधली गायब! शिवाय बहीण जे-१ व्हिसावर (शिक्षण-प्रशिक्षणासाठी येणाऱ्या परदेशी लोकांचा) आहे. तिथले सहकारी मूनलाइटिंग (फावल्या वेळात जादा पगारी ड्यूट्या) करून लॅबच्या वर्षांत चार पैसे जोडतात, हिला त्याची परवानगीच नाही. घरभाडं मात्र सगळ्यांना सारखंच.

भायखळा_जेआर३
मला तर असं संशोधनाचं वर्ष इथेच हवंय, पूर्ण स्टायपेंडसकट. पोस्ट-इमर्जन्सीच्या दिवशी, म्हणजे इमर्जन्सी ड्यूटीच्या दुसऱ्या दिवशी, डोळे मिटत असताना रेकॉर्ड रूममध्ये जुने केस पेपर शोधायचे, फॉलोअपला न आलेल्या पेशंटला फोन लावायचे, त्यातले निम्मे नंबर बंद. त्यात ३ महिने सक्तीची ड्यूटी जिल्हा रुग्णालयात. अशा थिसिसला संशोधन म्हणवत नाही.

सायन_नाइट
सक्तीचं असेल तर माझा ठाम विरोध. एमएसची ३ वर्षं, मग बॉण्डची सक्तीची सरकारी सेवा, मग एमसीएचची (सुपरस्पेशालिटीची) आणखी ३. घरी कमावणारा एकटाच असेल तर एवढं थांबणार कोण? आणि तुमच्या जागी वॉर्डात कोण उभं राहणार? जागा वाढवल्याशिवाय एक जण लॅबमध्ये गेला, तर त्याच्या इमर्जन्सी उरलेल्यांच्या माथी.

भायखळा_जेआर३
ऐच्छिकच म्हणतोय. आणि जागा वाढवूनच. स्टायपेंड न देता ठेवलं तर ज्यांना घरून पैसे येतात तेच ते वर्ष घेतील, हे आत्ताच लिहून ठेवतो.